मथूवहिनींच्या गाडीतला आवाज

मथूवहिनी गाडी चालवत असताना गाडीत कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. सांगायचं असेल ते बसण्याआधी सांगा, नाहीतर पालघरजवळचं आमचं माहीम आल्यावर. वाटेत कुणी तोंड उघडलंच, तर त्या आरशातून बघायच्या आणि म्हणायच्या, "गप. ती काय बोलते ते ऐकू दे."

ती म्हणजे गाडी. गोल कपाळाची, कधीकाळी पांढरी असलेली, दारावर गंजाचे नकाशे उमटलेली जुनी गाडी. वहिनींच्या नवऱ्याने ती बोईसरच्या कॉलनीतून बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती. वाडीतली विड्याची पानं पालघर स्टेशनवर स्वतः पोचवायची, दुसऱ्याच्या टेम्पोवर अवलंबून राहायचं नाही, हा त्यांचा बेत. बेत जेमतेम उभा राहिला आणि ते एका सकाळी वाडीत पाणी लावता लावता गेले, मुलगा अजून लहान असतानाच. गाडी गोठ्यात गेली. कोंबड्या तिच्या टपावर बसू लागल्या.

आता ज्यांच्या टेम्पोवर अवलंबून राहायचं नव्हतं ते वहिनींचे थोरले दीर, दामूभाऊ. गावातल्या बहुतेक वाड्यांची पानं त्यांच्याच टेम्पोतून जायची. त्यांनी वर्षश्राद्धाच्या पंगतीतच विषय काढला, गाडी विकून टाकू, गिऱ्हाईक बघितलं आहे. वहिनी वाढत होत्या. हातातला भाताचा चमचा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाडी मी चालवणार हाय."

लोक हसले. त्यांना वाटलं, दुःखाने बोलते आहे.

शिकल्या कुठे, हे मला त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. कुणी म्हणे, नवापूरला त्यांचा मामेभाऊ मासळीची गाडी चालवायचा, त्याने शिकवलं. लायसन्ससाठी त्या ठाण्याला गेल्या तेव्हा तिथल्या साहेबाने नऊवारीकडे बघून विचारलं, "मावशी, कुणाबरोबर आलात?" त्या म्हणाल्या, "गाडीबरोबर." ही गोष्ट मात्र त्या स्वतःच सांगायच्या आणि दर वेळी तेवढ्याच खूश व्हायच्या.

मी माहीमच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले ते ऐंशी सालाच्या आसपास. मूळची मी संगमनेरची. नवऱ्याची नोकरी बोईसरच्या एका कारखान्यात, बिऱ्हाड पालघरला. सकाळची एसटी कधी यायची, कधी यायची नाही. स्टेशनबाहेर ताटकळत उभी असताना एक दिवस ही गाडी माझ्यापुढे थांबली. पानांच्या टोपल्या रेल्वेत चढवून वहिनी रिकाम्या परत निघाल्या होत्या. "शाळेतल्या बाई ना तुमी? बसा. पण बोलायचं नाय." तेव्हापासून मी रोज त्यांच्या शेजारी गप्प बसून शाळेत गेले. गाडीत ओल्या पानांचा हिरवा वास भरलेला असायचा आणि वहिनींच्या अंबाड्यातल्या सोनचाफ्याचा.

त्या अनवाणी गाडी चालवायच्या. चपला सीटखाली. "पायाला कळलं पाहिजे," म्हणायच्या. काचा उन्हापावसात खाली. आणि एक सवय मला पहिल्यांदा फार भीतीची वाटली. वाटेत वाड्यांच्या दगडी गडग्यांची जी भिंत लागते, तिच्या अगदी कडेने त्या गाडी न्यायच्या, हात बाहेर काढला तर खरचटेल इतक्या जवळून. एकदा माहीमला उतरल्यावर मी धीर करून विचारलं.

"अवो बाई, भिंतीवर आपटून आवाज परत येतो ना," त्या म्हणाल्या. "मोकळ्या रस्त्यावर तो उडून जातो. आपल्या गाडीचं दुखणं आपल्याला ऐकू येत नाय, भिंत सांगते."

हळूहळू गावातल्या इतर बायकाही आपल्या वाडीची पानं वहिनींकडे देऊ लागल्या. वहिनी वेळेवर यायच्या, टोपल्या आपटायच्या नाहीत, आणि स्टेशनवरच्या हमालांशी भांडून पानं सावलीत ठेवायला लावायच्या. दामूभाऊंच्या टेम्पोत टोपल्या कमी दिसायला लागल्या. तिथून पुढे गाडीत आवाज यायला लागले.

पहिला आवाज मला अजून आठवतो. स्टेशनवरून निघालो की मागून खडखड, खडखड, पत्र्याच्या डब्यात शिकेकाई हलवावी तशी. पालघरबाहेर पडून गाडीने वेग घेतला की आवाज गायब. माहीमजवळ वेग कमी झाला की परत सुरू. वहिनींनी दोनदा गाडी हळू केली, दोनदा पळवली. मग रस्त्याच्या कडेला थांबून खाली उतरल्या, कोयत्याच्या टोकाने मागच्या चाकाची पत्र्याची वाटी उचकटली. आत खडे. चांगले समुद्रावरचे गोल गोल खडे.

"बघा," त्या म्हणाल्या, "हळू फिरलं चाक की पडतात, खडखडतात. जोरात फिरलं की कडेला चिकटून बसतात. म्हणून पळताना आवाज नाय." मला वाटलं, आता त्या खडे फेकून देतील. त्यांनी ते परत वाटीत भरले, वाटी थापटून बसवली, आणि गाडी गावातून अशी चालवली की बैलगाडीनेही पुढे जावं. दामूभाऊंच्या ओट्यावर चारपाच माणसं बसलेली. तिथे त्यांनी गाडी पुढे घेतली, मागे घेतली, परत पुढे घेतली. खडखड, खडखड. मग उतरून सगळ्यांच्या देखत वाटी काढली आणि खडे ओट्यावर ओतले.

"भाऊजी, तुमच्याकडचं कायतरी माझ्या चाकात राहिलं होतं."

ओट्यावरचं कुणी हसलं नाही, पण त्या संध्याकाळी सगळं गाव हसलं. खडे कुणी घातले ते कधी सिद्ध झालं नाही. वहिनींनी ते शोधलंही नाही.

पुढचे आवाज मात्र खरे होते. गाडीचं वय झालं होतं. आधी ब्रेक ओरडू लागला. ब्रेक दाबला की मागून अशी किंकाळी यायची की पालघरच्या बाजारात माणसं दोन्ही बाजूंना पांगायची. वहिनी गाडी घेऊन बोईसरला गेल्या. तिथे औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी लखन मिस्त्रीचं गॅरेज होतं. लखन उत्तरेकडचा, तोंडात कायम तंबाखू, आणि वहिनींना तो माताजी म्हणायचा. त्याने ड्रम उघडून दाखवलं, लायनर झिजून आतले रिव्हेट ड्रमला घासत होते. लायनर बदलले. किंकाळी थांबली.

पण किंकाळीच्या आड आणखी एक आवाज दडलेला होता, तो आता उघडा पडला. गुरगुर. जाड, खालच्या पट्टीतली, गाडी पळू लागली की वाढणारी. वहिनी तो ऐकून गडग्याच्या कडेने गाडी नेऊन बघायच्या. डाव्या हाताला भिंत, भिंतीवरून परत येणारा आवाज. "डावं चाक," त्यांनी जाहीर केलं. लखनने डावं चाक उघडलं. म्हणाला, माताजी, इसमें कुछ नहीं है. वहिनी म्हणाल्या, हाय. त्याने परत बघितलं, ड्रम घासला, ग्रीस भरलं. गुरगुर तशीच. वहिनी परत गेल्या. त्या फेरीत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि योगायोगाने रविवार असल्यामुळे नवऱ्याबरोबर बोईसरला गेलेल्या मला ते ऐकायला मिळालं.

"पुरानी गाड़ी है माताजी, बोलेगी ही," लखन म्हणाला. "अब बेच दो."

"बोलेलच ना," वहिनी मराठीत कडाडल्या. "म्हातारी झाली म्हणून ती काय बोलते ते ऐकायचंच नाय? तुझी आई बोलते तेव्हा तू तिला पण विकतोस काय?"

लखनने तंबाखू थुंकली आणि पाना खाली ठेवला. त्यानंतर बरेच दिवस वहिनी गॅरेजकडे फिरकल्या नाहीत.

गुरगुर वाढत गेली. आता ती गाडीबाहेरच्यांनाही ऐकू येऊ लागली. दामूभाऊंना हवं होतं ते आयतं मिळालं. गाडीला ब्रेक नाही, असं त्यांनी गावभर केलं. बायका बिचकल्या. कुणाची मुलं शाळेत जाताना रस्त्यावर असतात, कुणाची गुरं. एकेक टोपली परत टेम्पोकडे वळली. माझ्या नवऱ्याने घरी सांगितलं, त्या गाडीत बसू नकोस. मी एसटीची वाट बघून दोनदा शाळेला उशिरा पोचले आणि परत गाडीत बसले. पानं नेताना टपावरचं कॅरिअर अर्धं रिकामं असायचं, तरी वहिनी रोज त्याच वेळेला निघायच्या.

शेवटी दामूभाऊंनी देवळात चार माणसं जमवली. शाळा सुटली होती, मी देवळासमोर एसटीची वाट बघत उभी होते, म्हणून सगळं दिसलं. वहिनींना बोलावणं गेलं. त्या गाडी घेऊनच आल्या. गुरगुरत.

"ऐकलंत?" दामूभाऊ पंचांना म्हणाले. "सगळ्या गावाला ऐकू येतं. हिच्या गाडीला ब्रेक नाय. उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं तर कोण जबाबदार? गाडी आवाज करते, गाडी बंद झाली पायजे."

ते बोलत होते त्यात खोटं एवढंच होतं की ब्रेक धड होता. धोका खरा होता, आणि वहिनींनाही तो माहीत होता. त्यांचा चेहरा मी रोज शेजारून बघत होते. अलीकडे त्या गाडी चालवताना पान खायच्याही थांबल्या होत्या, दातांचा आवाज नको म्हणून.

"आवाज करते म्हणून बंद करायची?" त्या म्हणाल्या. "आवाज मी पण करते. मला पण बंद करा."

"उलटं बोलू नको, मथू."

"सुलटं बोलते. भाऊजी, तुमी मागे बसा. पालघरपर्यंत जाऊ. काय बिघडलंय ते तुमीच सांगा. तुमी सांगाल ते ऐकते."

चार माणसांत नाही कसं म्हणणार? दामूभाऊ टोपी सावरत मागच्या सीटवर बसले. वहिनींनी मला हाक मारली, "बाई, चला, तुमाला सोडते." मी पुढे बसले.

गावाबाहेर आल्यावर त्यांनी नियम मोडला. पहिल्यांदाच त्या गाडी चालवत बोलत होत्या, मागे न बघता, मोठ्याने.

"आता ऐका. मी ब्रेक दाबते. आवाज बदलला? नाय. म्हणजे ब्रेक नाय."

पुढे लहान पुलाकडे उतार लागतो. तिथे त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. इंजिन नुसतं पुटपुटत राहिलं आणि गाडी आपल्या वजनाने खाली घरंगळू लागली. गुरगुर तेवढीच. "इंजिन नाय. गिअर नाय. चाक हाय." मग पुलानंतरचं डावं वळण आलं. गाडी उजवीकडे कलली आणि गुरगुरीचा घोगरा ओरडा झाला. माझ्या पायाखालचा पत्रा थरथरला. लगेच पुढे उजवं वळण. गाडी डावीकडे कलली, आणि आवाज एकदम खाली गेला, दार लोटल्यासारखा.

वहिनींनी गाडी थांबवली. मागे घेतली. तीच दोन वळणं परत घेतली. डावीकडे वळताना ओरडा, उजवीकडे वळताना गप्प. त्या क्षणी त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. कानशिलं लाल झाली होती.

"उजवं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "उजव्या चाकावर वजन आलं की ओरडतं. उजवं हाय ते. भिंत डावीकडे होती म्हणून मी डावं डावं करत बसले." मग मागे वळून, "भाऊजी, तुमच्याच खाली हाय. लागतंय?"

दामूभाऊ उजव्या बाजूलाच बसले होते. त्यांनी हात सीटवर टेकला होता, तो पटकन उचलून मांडीवर घेतला. "मला काय ऐकू येत नाय," ते म्हणाले. "मला पालघरला उतरव."

पालघर आलं. मीही तिथेच उतरणार होते. पण गाडी थांबण्याची लक्षणं दिसेनात. वहिनी हळू, फार हळू, कडेकडेने, पण सरळ बोईसरच्या रस्त्याला लागल्या.

"अगो, थांबव! मथू, थांबव गाडी!"

"थांबवू कशी भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या गाडीला ब्रेक नाय. तुमीच बोललात."

मी हसू दाबायला पदर तोंडात धरला. दामूभाऊ बोईसरपर्यंत शिव्या देत होते आणि वहिनी एकाही शिवीला उत्तर न देता ऐकत होत्या, शिव्या नव्हे, चाक.

लखन मिस्त्री गॅरेजच्या दारात उभा होता. त्याने गाडी ओळखली आणि तोंड फिरवलं. वहिनी अनवाणीच खाली उतरल्या, त्याच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "डावं नव्हतं. माझं चुकलं. उजवं बघ."

लखनने पाना उचलला. मग त्याने जॅक लावला. उजवं चाक वर उचलून हाताने फिरवलं, तर जात्यात खडा आल्यासारखं ते अडत अडत फिरलं. वरखाली हलवलं, तर सैल दातासारखं डुगडुगलं. त्याने सगळं खोललं, आणि आतून बेअरिंग काढून कपड्यावर ठेवलं. पोलाद निळं पडलं होतं. गोळ्यांना देवीचे व्रण असावेत तसे खड्डे.

"थोडा और चलता," लखन हळूच म्हणाला, "तो पहिया बाहर आ जाता."

एवढं ऐकल्यावर दामूभाऊंना जोर आला. "ऐकलंस? मी काय बोलत होतो? धोका हाय बोलत होतो. माझंच खरं झालं."

आणि गंमत अशी की ते खरंच होतं. त्यांच्या बोलण्यात धोका होता आणि चाकातही धोका होता. मला वाटलं, आता वहिनी काय म्हणणार?

वहिनी ते निळं बेअरिंग हातात घेऊन उलटसुलट करत होत्या. "तुमचं खरं हाय भाऊजी," त्या म्हणाल्या. "चाक बिघडलं होतं. पण तुमी बोललात, गाडी बंद करा. चाक बघा असं तुमी बोलला नाय. गावात एक माणूस नाय बोलला, की मथू, चाक बघून घे. सगळे बोलले, बंद कर." त्यांनी बेअरिंग परत कपड्यावर ठेवलं. "चाक मी बदलणार. गाडी बंद करणार नाय."

दामूभाऊंनी टोपी झटकली आणि ते एसटी स्टँडकडे चालू लागले.

नवं बेअरिंग मुंबईहून मागवावं लागलं. तोवर गाडी बोईसरला जॅकवर. मला वाटलं होतं, एवढे दिवस तरी वहिनी पानं दिराच्या टेम्पोत देतील. पण रोज सकाळी त्या टोपली डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्यावर उभ्या. कंडक्टर टोपली घ्यायला तयार नसायचा. त्या पायरीवर उभ्या राहून म्हणायच्या, "मग मी पण उतरत नाय, आणि गाडी पण सुटत नाय." गाडी सुटायची, टोपलीसकट. दामूभाऊंचा टेम्पो त्याच थांब्यावरून रोज अर्धा रिकामा जायचा. एकदा तो थांबला. दामूभाऊ आतच बसले होते. वहिनींनी टोपली सावरली आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. टेम्पो गेला.

गाडी परत आली त्या सकाळी मी स्टेशनबाहेर उभी होते. ती आली आणि मला वळून बघावं लागलं, कारण ती आल्याचं कळलंच नव्हतं. वहिनी मागच्या सीटवर हात टेकून बसल्या होत्या, गाडी लखन चालवत होता. त्यांनी त्याला वळणं दाखवायला आणलं होतं. "ऐक," त्या त्याला म्हणत होत्या. "आता ऐक." आणि लखन तंबाखू न थुंकता ऐकत होता.

सगळ्या बायका परतल्या नाहीत. काहींच्या टोपल्या टेम्पोतच राहिल्या, घराघरांतले संबंध असतात. दामूभाऊ शेवटपर्यंत वहिनींशी मोजकंच बोलले. पण गाडी बंद करा हे शब्द गावात परत कुणी उच्चारले नाहीत.

पुढे माझी बदली वाणगावकडे झाली. नव्वदनंतर कधीतरी नणंदेच्या मुलांना समुद्र दाखवायला मी केळव्याला गेले. ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि ओली वाळू फरशीसारखी घट्ट झाली होती. त्या वाळूवर एक गाडी धक्के खात चालली होती, थांबत होती, परत उसळत होती. आणि तिच्या पुढे, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, हातवारे करत एक म्हातारी उलट पावली चालत होती.

मी जवळ गेले. त्यांनी मला लगेच ओळखलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. मी आवाज दिला तेव्हा ओळखलं. म्हणाल्या, "पोरगा बोलतो, आई, आता दिसत नाय, गाडी विक. मी बोलले, मला दिसत नाय, सुनेला दिसतं." त्याच जुन्या गाडीत स्टिअरिंगला गच्च धरून बसलेल्या मुलीकडे त्यांनी बोट केलं. "त्याला सांगितलेलं नाय. तुमी पण सांगू नका."

तेवढ्यात गाडीची मागची चाकं मऊ वाळूत रुतली. सून घाबरून जोर देत होती आणि चाकं आणखी खाली जात होती. ओहोटी संपून पाणी भरायला लागलं होतं, फेसाची एक रेघ चाकाला शिवून गेली. किनाऱ्यावरची दोनतीन माणसं धावत आली.

"हात लावू नका!" वहिनी ओरडल्या. "तिची ती काढेल." मग सुनेला, "जोर कमी कर. दुसऱ्या गिअरमध्ये घे. हळू. रडतेस काय, रडून गाडी निघते?"

गाडी हलली. मागे गेली, पुढे आली, एकदा थरथरली, आणि सुटली. एकदा सुटल्यावर मात्र थांबायची सुनेची छाती झाली नाही. ती सरळ किनाऱ्याने निघाली, सुरूच्या बनाच्या बाजूने, दूर दूर. माणसं हसू लागली. कुणीतरी म्हणालं, "आजी, तुमाला इथंच टाकून गेली."

मथूवहिनी कमरेवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं होतं. त्यांनी सुनेला हाक मारली नाही. त्यांना ती गाडी दिसतही नसणार. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला," आणि तिथेच उभ्या राहिल्या.